गाणं थांबल्यावर गेट बंद करू नका

प्रति,
रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर टेक्नो, हाऊस, ट्रान्स, ड्रम अँड बेस अशा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या रात्री भरवणारे आयोजक, क्लबमालक आणि त्यासाठी जागा देणारे बागायतदार यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमच्या रात्रींना येणारे श्रोते. टेबल बुक करून बाटली मागवणारे नाही. एखाद्या डीजेचा सेट, म्हणजे त्याने सलग वाजवलेलं संगीत, ऐकायचा म्हणून शंभर-दोनशे किलोमीटर यायचं, पहिल्या तासाला अर्ध्या रिकाम्या फ्लोअरवर उभं राहायचं आणि शेवटचा ट्रॅक संपेपर्यंत हलायचं नाही, असे आम्ही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीहून येतो, आणि आमच्यातले बहुतेक रेल्वेने नाहीतर एसटीने येतात.

या किनाऱ्याला हे संगीत नवं नाही. हणजुणे-वागातोरच्या माडांखाली जे वाजत होतं त्याला १९९० च्या दशकात जगाने गोवा ट्रान्स हे नाव दिलं. इथल्या उन्हात व्हिनाइलच्या तबकड्या वाकायच्या, म्हणून तिथले डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे. इथल्या हवेने त्या संगीताची साधनं ठरवली. आज मात्र रात्रीचं वेळापत्रक आखताना इथली हवा, इथला वारा, इथली रेल्वे आणि एसटी यांच्याकडे कुणी बघत नाही. वेळापत्रक जणू प्रत्येकाकडे गाडी आहे आणि प्रत्येकाची हॉटेलात खोली आहे असं धरून केलेलं असतं.

म्हणून मागणी एकच आहे. संगीत थांबतं ती वेळ आणि पहिली गाडी सुटते ती वेळ, यांच्या मधले तास तुमच्या कार्यक्रमाचा भाग धरा. त्यांचा खर्च तिकिटात घाला, आम्ही देऊ. त्या तासांत काय करायचं, काय बिघडतं आणि का, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी घड्याळ बघू. उत्तरेकडे, म्हणजे रत्नागिरी-मुंबईच्या दिशेने परतणाऱ्याला दोन वेळा सोयीच्या आहेत. एक सकाळची : मडगावहून येणारी मांडवी, नाहीतर सावंतवाडीहून सुटणारी दिवा गाडी. दुसरी संध्याकाळची : सावंतवाडीहून तुतारी आणि मडगावहून कोकणकन्या. रात्री लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, पण आम्हाला उतरायचं असतं त्या लहान स्टेशनांना त्या थांबत नाहीत आणि त्यांच्या डब्यात आयत्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. एसटीचं म्हणाल तर किनाऱ्यालगतच्या बहुतेक गावांतून शेवटची गाडी आठ-नऊच्या आत जाते आणि पहिली उजाडताना येते.

आता यात तुमच्या वेळा बसवून बघा. उघड्यावरचा कार्यक्रम रात्री दहाला थांबवावा लागतो, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदिस्त जागेबाहेर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी असते, तुमच्या-आमच्या शनिवारासाठी नाही. म्हणजे दहाला संगीत थांबलं की संध्याकाळच्या गाड्या गेलेल्या, एसटी गेलेली आणि सकाळ आठ तास लांब. उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. बंदिस्त क्लब परवान्यातल्या वेळेप्रमाणे एक, दीड किंवा तीनला बंद होतो, तेव्हाही तीच गत, फक्त तास कमी.

उघड्यावर करत असाल तर दुपारी सुरू करा आणि साडेपाचला संपवा. डिसेंबर-जानेवारीत माडाच्या सावलीत दुपारी एकपासून नाचता येतं. वागातोरहून थिवी स्टेशन वीसेक किलोमीटर आहे, शनिवार-रविवारच्या गर्दीत पाऊण तास धरावा, म्हणजे संध्याकाळची कोकणकन्या हाती लागते आणि माणूस रात्री आपल्या घरी झोपतो. दिवसाउजेडी हे संगीत लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मिनिटाला एकशे अठरा-वीस ठोक्यांचा (बीपीएम) मोकळा हाऊस सेट दुपारी तीनला वाऱ्यावर ऐकून बघावा. बंदिस्त जागेत करत असाल तर परवाना जिथे संपतो तिथे संगीत थांबवा, पण जागा उजाडेपर्यंत उघडी ठेवा.

ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जत्रेला जाऊन बघा. पालखी फिरते, मध्यरात्र उलटल्यावर दशावतार उभा राहतो, दहीकाला होईस्तोवर उजाडतं आणि माणसं पहिल्या गाडीने घरी जातात. रात्रभर चहाची टपरी चालू, खाज्याची दुकानं उघडी, पेट्रोमॅक्सच्या जागी आता एलईडी एवढाच फरक. नाटक पहाटे दोनला संपवून प्रेक्षकांना अंधारात रस्त्यावर काढावं असं कुठल्याही मानकऱ्याच्या मनात येणार नाही. रात्रभर जागून बघायची कला हा मुलूख पिढ्यान् पिढ्या सांभाळत आला आहे, त्याची पद्धतही ठरलेली आहे. ती घ्या.

मधल्या तासांना काय लागतं? फार नाही. तीनशे माणसांचा कार्यक्रम असेल तर समजा ऐंशी-शंभर जण उजाडेपर्यंत थांबतील. त्यांना बसायला-आडवं व्हायला छप्पर, खाली ताडपत्री आणि त्यावर सतरंज्या. मंद पण अखंड उजेड, विशेषतः संडासाच्या वाटेवर. संडासात पाणी आणि आतून लागणारी कडी. मोबाइल चार्ज करायला दोन-तीन एक्स्टेंशन बोर्ड, कारण परतीचं तिकीट फोनमध्ये असतं आणि पहाटे चारला फोन मेलेला असतो. रात्रभर जागी राहणारी दोन माणसं, त्यात एक बाई. आवाज बंद. खरंच बंद, मागच्या खोलीत कुणीतरी लॅपटॉपवर वाजवतंय असंही नको, कारण शेजारच्या घरांना दिलेला शब्द तिथेच मोडतो.

आणि पेज. पाच-सहा तास घाम गाळलेल्या शरीराला पाणी, मीठ आणि थोडी साखर किंवा पिठूळ काहीतरी लागतं, आणि उकड्या तांदळाच्या पेजेत हे तिन्ही आहे. शंभर जणांना साडेचार-पाच किलो उकडा तांदूळ पुरतो. तांदूळ जाडसर असतो, शिजायला वेळ घेतो, म्हणून पहाटे दोनलाच चुलीवर ठेवायचा. दसपट पाणी, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास लिटर, आणि ते एकदम ओतायचं नाही. निम्म्या पाण्यात तांदूळ बोटचेपा शिजवायचा आणि उरलेलं उकळतं पाणी लागेल तसं वाढवत जायचं. थंड पाणी घातलं की पेज फुटते, पाणी वर आणि शितं खाली. मीठ पाव किलोच्या आसपास, शेवटी. सोबत लोणच्याची फोड नाहीतर सुक्या खोबऱ्याची चटणी. गावातला कुठलाही महिला बचतगट हे काम आनंदाने घेईल आणि आयोजकाच्या खर्चात ती सगळ्यात लहान रक्कम असेल. त्याचा आणखी एक उपयोग आहे : ज्या गावातल्या बायका तुमच्या कार्यक्रमात पेज वाढतात, त्या गावाला आत काय चाललंय ते सांगायला बाहेरचा माणूस लागत नाही.

आता प्रवास. अंडरग्राऊंड, म्हणजे जाहिरातबाजीपासून लांब राहणाऱ्या, कार्यक्रमांत जागा शेवटच्या क्षणापर्यंत गुप्त ठेवायची रीत आहे आणि तिची कारणं आम्हाला समजतात. नको ती गर्दी टळते, जागामालकावर दडपण येत नाही. पण जागा गुप्त ठेवताना स्टेशन गुप्त ठेवू नका. तिकीट विक्रीच्या पहिल्याच दिवशी तीन गोष्टी जाहीर करा : जवळचं रेल्वे स्टेशन, जवळचं एसटी स्टँड, आणि तिथून जागा किती किलोमीटर. 'पेडणे स्टेशनपासून १२ किलोमीटरच्या आत' एवढ्यावरून कुणाला जागा सापडत नाही, पण आम्हाला तिकीट काढता येतं.

तारखेचं गणित असं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कोकणच्या गाड्यांचं शनिवार-रविवारचं स्लीपर पहिल्या काही दिवसांत भरतं. तुम्ही तारीख तीन आठवडे आधी सांगितली की आमच्या हाती फक्त तत्काळ उरतं. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीला सकाळी दहाला आणि बाकीच्यांना अकराला, आणि ते मिळण्याचा भरवसा नाही. वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. म्हणून तारीख किमान ६५ दिवस आधी. गणपती, शिमगा, नाताळ आणि मे महिना यांत तारीख धरूच नका. त्या दिवसांत गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि जी असते ती घरी जाणाऱ्या चाकरमान्यांची आहे.

सेटच्या वेळाही ४८ तास आधी सांगा आणि पाळा. आमच्यासाठी ती माहिती म्हणजे कुठली गाडी पकडायची हे ठरवायचा आधार. रत्नागिरीचा माणूस दुपारची मांडवी धरून संध्याकाळी थिवीला उतरतो. मुख्य सेट बाराला असेल तर ते ठीक, दुपारी तीनला असेल तर त्याला आदल्या रात्री निघावं लागतं. वीर स्टेशनच्या पुढे कोकण रेल्वेची लाइन एकेरीच आहे. एक गाडी उशिरा धावली की क्रॉसिंगसाठी समोरच्या तीन गाड्या थांबतात आणि दीड तासाचा उशीर ही नवलाई नसते. त्यामुळे दारावर 'आठनंतर प्रवेश बंद' असला नियम लावू नका. पावसाळी वेळापत्रक चालू असेल तेव्हा डोंगरातल्या पट्ट्यात गाड्यांचा वेग आणखी कमी असतो, ते वेगळंच.

स्टेशन ते जागा हा शेवटचा तुकडा सगळ्यात महाग आणि सगळ्यात धोक्याचा. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, गावापासून सात-आठ किलोमीटर. तिथून रात्री रिक्षा मिळणं नशिबावर. यासाठी एसटीची सोय आहे ती बहुतेक आयोजकांना माहीतच नसते : प्रासंगिक करार. लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी घेतात तीच. आगार व्यवस्थापकाकडे अर्ज द्यायचा, किती किलोमीटर आणि किती तास ते लिहायचं, आगाऊ रक्कम भरायची. चाळीसहून जास्त माणसं एका खेपेत स्टेशनवर पोचतात आणि चालक दारू प्यायलेला नसतो. आंगणेवाडीच्या जत्रेला एसटी जादा गाड्या सोडते, रेल्वे खास गाड्या सोडते; माणसं कुठून येणार आणि कधी परतणार हे आधी कळलं तर त्यांना ते जमतं. एसटी नको असेल तर सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर. मात्र हिशोब नीट करा. जाऊन-येऊन दीड तास धरला तर एक गाडी तीन तासांत दोनच खेपा करते, म्हणजे दोन गाड्या मिळून ६८ माणसं. 'शटल आहे' एवढं पोस्टरवर लिहून एक गाडी ठेवली की पहाटे तिच्यासाठी भांडणं लागतात. खेपेची वेळ लिहिलेला रंगीत रिस्टबँड दारावरच द्या, भांडण मिटतं.

सीमेवरचं एक. गोव्यातून महाराष्ट्रात दारू आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. एकाच्या सॅकमधल्या एका बाटलीपायी सगळी गाडी अडकते, जप्तही होऊ शकते, आणि उरलेल्या सोळा जणांची गाडी चुकते. शटलमध्ये चढतानाच सॅक बघा आणि आधीपासून सांगून ठेवा.

भाड्याच्या दुचाक्यांबद्दल फार लिहीत नाही. गोव्यात भाड्याची दुचाकी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची कुणी देत असेल तर अपघात झाल्यावर विमा मिळणार नाही. पहाटे चारला अंधाऱ्या रस्त्यावर बसलेली गुरं, वळणावर सुटलेली खडी आणि जागरण, यांपुढे हेल्मेट फार थोडं वाचवतं. मोटार वाहन कायद्यात रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर चालवायला बंदी आहे, आणि पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमचं गेट उजाडेपर्यंत उघडं असेल तर पुष्कळ किल्ल्या खिशातच राहतील. हे पत्र लिहिण्यामागचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

लोकेशन पाठवताना नुसती पिन पाठवू नका. सड्यावर आणि घळीत मोबाइलला रेंज नसते, नकाशा उघडत नाही. त्यासोबत चार ओळी मजकूर द्या, गावातला माणूस सांगतो तशा : होळीच्या मांडावरून डावीकडे, व्हाळावरचा साकव ओलांडला की चिऱ्याचा गडगा सुरू होतो, गडगा संपतो तिथे वाट आत वळते. वळणावर एक कंदील टांगा. वाट चुकलेली माणसं रात्री अकराला कुणाच्या तरी अंगणात शिरतात, कुत्री भुंकतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत पहिली तक्रार आवाजाची नसते, याची असते.

आवाजाची दुसरी. त्याबद्दल नीट लिहायला हवं, कारण पुष्कळ रात्री मीटरवर कायद्यात बसतात आणि तरीही गावाची झोप मोडतात. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ती 'ए' मापाने मोजली जाते. 'ए' माप माणसाच्या कानासारखं ऐकतं, म्हणजे खालचे स्वर त्यात कमी धरले जातात. ६३ हर्ट्झला ते सुमारे २६ डेसिबल वजा करतं. आपला किक ड्रम (मूळ ठेका) आणि सब (सगळ्यात खालचा बास) तिथेच, ४० ते ८० हर्ट्झमध्ये राहतो. म्हणून मीटर समाधानी असतो आणि घरातली खिडकीची काच थरथरत असते. तुमच्या साउंडवाल्याला सांगा, मोजमाप 'ए' आणि 'सी' दोन्ही मापांनी घे, आणि स्टेजपाशी नव्हे, सगळ्यात जवळच्या घराच्या पडवीत. 'सी' माप खालचे स्वर जवळपास जसेच्या तसे मोजतं. दोन आकड्यांत पंधरा-वीसचा फरक असेल तर तक्रार येणार हे धरून चाला.

उपाय महाग नाही. दोन सब, म्हणजे बासच्या स्पीकर-पेट्या, एकाच ओळीत न ठेवता एकाच्या मागे दुसरा ठेवा, मधलं अंतर सुमारे १.४ मीटर. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास असते, हा तिचा चौथा हिस्सा. मागच्या सबची पोलॅरिटी (विद्युत दिशा) उलटी करा आणि त्याला ४.२ मिलिसेकंद डिले (विलंब) द्या. पुढच्या पेटीचा आवाज मागे पोचायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे मागच्या बाजूला दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात आणि पुढच्या बाजूला, फ्लोअरवर, एकमेकींत मिळतात. नीट जमलं तर मागचा बास दहाएक डेसिबलने उतरतो. जमत नाही ते एकाच चुकीमुळे : मागची पेटी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, भिंतीवरून परत आलेली लाट सगळा हिशोब बिघडवते. मागे किमान दोन मीटर मोकळे ठेवा. दोन्ही पेट्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या हव्यात हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण भाड्याच्या गोदामातून बहुतेक वेळा जोडी वेगळी येते.

स्टेजचं तोंड समुद्राकडे करा, पाठ गावाकडे. रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, तेही आपल्या बाजूचे. पण उत्तररात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो, आणि अकराला ऐकू न येणारा बास अडीचला दोन वाड्या पलीकडे ऐकू येतो. रात्र जशी चढते तसा सब एक-दोन डेसिबलने खाली आणत राहा, वर नेऊ नका.

बंदिस्त जागेच्या बाबतीत लोक भिंतीकडे बघतात, छपराकडे नाही. जांभ्याची भिंत जड असते, बास बराच अडवते. वर मंगलोरी कौलं किंवा पत्रा असेल तर सगळा आवाज तिथून जातो, पत्रा तर स्वतःही वाजतो. जड छप्पर नसेल त्या जागेला बंदिस्त म्हणू नका. दारं दोन हवीत, मध्ये माणूस उभा राहील एवढी खोली, म्हणजे एक उघडलं की दुसरं बंद असतं.

आमच्या कानांचंही बघा. फ्लोअरवर पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सांगितलं आहे. दारावर फोमचे इअरप्लग ठेवा. घाऊक घेतले तर पाण्याच्या बाटलीच्या आसपास जोडी पडते. सोबत ते कसे घालायचे त्याचं चित्र लावा, कारण बहुतेक लोक नुसते कानात कोंबतात आणि मग 'काही फरक पडत नाही' म्हणून काढतात. दोन बोटांत लाटून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि वीस-तीस सेकंद बोट तसंच दाबून धरायचं, तो फुगेपर्यंत. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा आला की बरोबर बसला.

उकाडा. नाचणारा माणूस सुमारे अडीचशे वॅट उष्णता बाहेर टाकतो. तीनशे जणांचे पंच्याहत्तर किलोवॅट झाले, म्हणजे दिवे आणि ॲम्प्लिफायर न धरता निव्वळ माणसांसाठी एकवीस टनांचा एसी. पाच-सहा टनांवर तीनशे माणसं कोंडली तर किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. एसी तेवढा नसेल तर तिकिटं कमी विका. पिण्याचं पाणी फुकट ठेवा, आठ तासांना माणशी अडीच लिटर धरून. तीनशे जणांना वीस लिटरचे अडतीस जार. मात्र नुसतं पाणी ढसाढसा प्यायल्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेततं, म्हणून जारशेजारी ओआरएसची पाकिटं आणि एक लिटरच्या बाटल्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

कुणी कोसळला तर त्याला उचलून गेटबाहेर ठेवू नका. हे आम्ही हात जोडून लिहीत आहोत. त्याने काय घेतलं होतं हा प्रश्न नंतरचा. कुशीवर वळवा, तोंड मोकळं करा. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका आत येईल एवढी वाट रात्रभर मोकळी ठेवा, तिथे एकही दुचाकी नको.

तीच वाट आगीच्या बंबाची. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्यातल्या क्लबच्या आगीत २५ जण गेले, त्यात बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) छपराखाली किंवा आत कुठेही फटाका, फुलबाजी, 'कोल्ड पायरो' (ठिणग्यांचं कारंजं) नको, ते कितीही थंड म्हणून विकलं जात असलं तरी. बाहेर पडायच्या दोन वाटा, एकमेकींपासून लांब, दारं बाहेर उघडणारी, कुलूप नाही, सजावटीचा पडदा नाही. स्वयंपाकघराला आणि सामानाच्या खोलीला स्वतःची वेगळी वाट हवी. पेज वाढणाऱ्या बायकासुद्धा तिथेच असणार आहेत.

मांद्रे, मोरजी, आश्वे, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात. उजेडाला कासवीण बिचकते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालत जातात. त्या वाळूवर कार्यक्रम करू नका आणि लांबून तिकडे लेझर, बीम सोडू नका.

पावसाळी वेळापत्रक संपलं की हंगाम उघडतो. पहिली तारीख ठरली की ६५ दिवस आधी स्टेशनचं नाव कळवा, आणि पोस्टरवर सेटच्या वेळांखाली एक ओळ वाढवा : गेट किती वाजेपर्यंत उघडं आहे. ती ओळ दिसली की आम्ही तिकीट काढू, आधी रेल्वेचं, मग तुमचं.

आपले,
चिपळूण ते पेडणे या पट्ट्यातून रात्रींना येणारे श्रोते